केसपेपरवरचा रकाना आणि अहवालातील आकडा



दर वर्षी हा अहवाल हाती पडला म्हणजे पुष्कळ वाचक आधी छायाचित्रे पाहतात, मग देणगीदारांच्या यादीत ओळखीची नावे शोधतात आणि शेवटच्या पानांवरील कोष्टकांवरून नुसती नजर फिरवून अहवाल मिटतात. गेल्या वार्षिक सभेत मात्र एका ज्येष्ठ देणगीदारांनी नेमके त्या कोष्टकांवरच बोट ठेवले. ते म्हणाले, "निर्धन रुग्णांसाठी राखून ठेवलेल्या खाटा वर्षातले बरेच दिवस रिकाम्या दिसतात. मुळशी तालुक्यातली गरिबी संपली, असे आम्ही समजायचे का?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हाला त्या दिवशी देता आले नाही. ज्या तालुक्यात एका टोकाला हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यान आहे आणि दुसऱ्या टोकाला घाटमाथ्यावर कातकरी बांधवांच्या वाड्या आहेत, तेथील गरिबी संपलेली नाही, हे सांगायला कोष्टकाची गरज नव्हती. मग कोष्टक असे का सांगत होते? त्याचा शोध घेताना जे शिकावे लागले, ते या लेखात आपणासमोर ठेवत आहोत. विषय संगणकाचा वाटला तरी त्याचा शेवट रुग्णाच्या बिलाशी होतो, म्हणून देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक या सर्वांनीच तो वाचावा, अशी विनंती आहे.

आकडा कशासाठी द्यावा लागतो

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम ४१ कक अन्वये धर्मादाय रुग्णालयांवर गरीब रुग्णांची काही जबाबदारी आहे. तिची अंमलबजावणी कशी व्हावी याची योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केली. त्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. रुग्णांना आकारलेल्या एकूण बिलांच्या रकमेपैकी २ टक्के रक्कम 'निर्धन रुग्ण निधी' या स्वतंत्र खात्यात जमा करावी लागते आणि या सर्वाचा हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला वेळोवेळी सादर करावा लागतो.

म्हणजे अहवालातील आकडा ही शोभेची वस्तू नव्हे. त्यावरून शासन आम्हाला तपासते, आपण देणगीदार आम्हाला पारखता आणि पुढील वर्षी कोणत्या कामावर किती खर्च करायचा हे विश्वस्त मंडळ ठरवते. आकडा चुकला, तर हे तिन्ही निर्णय चुकतात.

खिडकीपासून अहवालापर्यंतचा प्रवास

रुग्ण प्रथम येतो तो केसपेपरच्या खिडकीपाशी. तेथील कर्मचारी नाव, वय, गाव, मोबाइल क्रमांक, शिधापत्रिकेचा प्रकार, आर्थिक गट असे प्रश्न विचारतो आणि उत्तरे संगणकात भरतो. प्रत्येक प्रश्नासाठी संगणकात एक रकाना असतो. एका रुग्णाचे सर्व रकाने मिळून एक नोंद होते आणि सर्व रुग्णांच्या नोंदी मिळून एक तक्ता होतो. रुग्णांचा तक्ता वेगळा, दाखल झालेल्यांचा वेगळा, बिलांचा वेगळा, औषधांचा वेगळा. या सर्व तक्त्यांना मिळून डेटाबेस म्हणतात.

वर्षअखेरीस अहवाल काढणारे सॉफ्टवेअर या तक्त्यांतून हवे ते रकाने उचलते, त्यांची जुळणी करते, बेरजा करते आणि कोष्टक छापून देते. ते रकान्यात जे असेल तेच उचलते. रकान्यात काय असायला हवे होते, हे त्याला ठाऊक नसते. आमच्या चुका जुन्या होत्या आणि बहुतेक खिडकीपाशी झालेल्या होत्या. अहवालाच्या पानावर त्या प्रथम दिसल्या, एवढेच.

धडा पहिला : आपोआप भरलेला रकाना

'आर्थिक गट' या रकान्यात तीन पर्याय होते : सर्वसाधारण, दुर्बल घटक आणि निर्धन. सॉफ्टवेअर बसवताना सोय म्हणून त्यात 'सर्वसाधारण' हा पर्याय आधीच भरून ठेवलेला होता. सकाळच्या गर्दीत, मागे पन्नास माणसांची रांग असताना, कर्मचारी तो रकाना ओलांडून पुढे जात असे. रुग्णाला प्रश्न विचारलाच गेला नाही, तरी संगणकात उत्तर मात्र लिहिलेले राही.

राखीव खाटा रिकाम्या दिसण्याचे मुख्य कारण हेच निघाले. गरीब रुग्ण येत होते, दाखलही होत होते. ते 'सर्वसाधारण' म्हणून मोजले जात होते आणि, हे सांगताना आम्हाला संकोच वाटतो, त्यांच्यापैकी काहींना बिलही सर्वसाधारण दराने लागत होते. ज्यांनी समाजसेवा विभागाची पायरी चढून विचारणा केली त्यांना सवलत मिळाली. ज्यांना विचारणे सुचले नाही, त्यांनी उसनवारी केली असेल, दागिना गहाण टाकला असेल. ते कोणत्याही कोष्टकात येत नाही.

यातून आम्ही एक नियम केला. न विचारलेला प्रश्न आणि 'नाही' हे उत्तर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आता हा रकाना रिकामाच उघडतो आणि तो भरल्याशिवाय आंतररुग्ण म्हणून नोंद पूर्ण होत नाही. त्यात 'कागदपत्रे यावयाची आहेत' असा चौथा पर्यायही ठेवला आहे, कारण तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला खिशात घेऊन कोणी आजारी पडत नाही. ज्यांच्या नावापुढे हा चौथा पर्याय असेल, त्यांची यादी रोज सायंकाळी समाजसेवा विभागाकडे जाते. अत्यवस्थ रुग्णाच्या बाबतीत तर उपचार आधी आणि कागद नंतर, असाच योजनेचा दंडक आहे.

धडा दुसरा : संकेतांक आणि त्याचा अर्थ

महाराष्ट्रात शिधापत्रिका पिवळी, केशरी आणि शुभ्र अशा तीन रंगांची आहे. आमच्या संगणकात मात्र रंगाचे नाव साठवलेले नव्हते. जागा वाचावी म्हणून १, २, ३ असे अंक साठवले होते आणि कोणता अंक कोणत्या रंगाचा, याची यादी दुसऱ्या लहान तक्त्यात होती. पडद्यावर कर्मचाऱ्याला 'पिवळी' असे दिसे, आत मात्र अंक लिहिला जाई.

अहवाल काढताना तो रकाना जसाच्या तसा उचलला, तेव्हा कोष्टकात नुसते अंक आले. ते कोष्टक तयार करणाऱ्याने १ म्हणजे शुभ्र असे गृहीत धरले. प्रत्यक्षात १ म्हणजे पिवळी होती. एका कागदावर सर्वांत गरीब आणि सर्वांत सुस्थितीतील कुटुंबांची अदलाबदल झाली. सुदैवाने छपाईपूर्वी ही चूक लक्षात आली.

उपाय साधा होता. मुख्य तक्ता आणि अर्थांची यादी एकत्र जोडावी आणि कोष्टकात अंकाऐवजी शब्दच छापावा. त्याबरोबर आम्ही एक वही केली. कोणता रकाना कोण भरतो, त्यात काय लिहायचे, कोणत्या अंकाचा अर्थ काय, हे तीत सरळ मराठीत लिहिले आहे. कर्मचारी बदलले तरी वही राहते.

धडा तिसरा : माणूस मोजायचा की ओळी मोजायच्या

दोन तक्ते जोडताना सर्वांत फसवी चूक होते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका रुग्णाचे बिल १८,००० रुपयांचे आहे आणि खाट, औषधे, तपासण्या मिळून त्यात १२ ओळी आहेत. त्याच्या नातेवाइकांनी पैसे दोन हप्त्यांत भरले, म्हणून पावत्या दोन. आता बिलाच्या ओळी आणि पावत्या हे दोन तक्ते रुग्णक्रमांकावरून एकमेकांस जोडले, तर प्रत्येक ओळ प्रत्येक पावतीशी जुळते आणि १२ च्या २४ ओळी होतात. बेरीज येते ३६,००० रुपये. रुग्णांची संख्या ओळींवरून मोजली, तर एका माणसाची चोवीस माणसे होतात.

या चुकीचा परिणाम पाहा. निर्धन रुग्ण निधीचे २ टक्के १८,००० रुपयांवर ३६० होतात. ३६,००० रुपयांवर ते ७२० होतील. एका रुग्णापुरते हे ३६० रुपये. वर्षभराच्या बिलांवर हाच प्रकार झाला, तर हिशेबतपासनीसांपुढे उभे राहण्याची सोय उरणार नाही.

म्हणून आता प्रत्येक कोष्टकाच्या डोक्यावर त्यात काय मोजले आहे ते छापतो : 'रुग्ण', 'दाखल होण्याच्या वेळा' किंवा 'बिले'. मधुमेहाचा एक रुग्ण वर्षातून तीनदा दाखल झाला, तर तो पहिल्या कोष्टकात एकदा आणि दुसऱ्यात तीनदा येईल. दोन्ही आकडे खरे आहेत, त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. २९ मार्चला दाखल होऊन ४ एप्रिलला घरी गेलेला रुग्ण कोणत्या वर्षात धरायचा, हेही ठरवून घ्यावे लागले. आम्ही घरी जाण्याची तारीख प्रमाण मानली आहे आणि सर्व कोष्टकांत तीच पाळली आहे.

धडा चौथा : त्या दिवशीची नोंद आणि आजची नोंद

योजना आली तेव्हा निर्धन गटासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २५,००० रुपये आणि दुर्बल घटकासाठी ५०,००० रुपये होती. पुढे या मर्यादा वाढत जाऊन १,८०,००० आणि ३,६०,००० रुपये झाल्या. साहजिकच काल सवलतीस पात्र नसलेले कुटुंब आज पात्र ठरू शकते. उलट, मुलाला नोकरी लागून कुटुंब गटाबाहेरही जाऊ शकते.

आमच्या संगणकात आर्थिक गट रुग्णाच्या मूळ नोंदीत होता. तो बदलला की जुना पुसला जाई. त्यामुळे मागील वर्षाचा अहवाल आज पुन्हा काढला, तर आकडा वेगळा येई. एकाच वर्षाचे दोन अहवाल आणि दोन्ही संगणकानेच दिलेले! आता गट रुग्णाच्या नोंदीबरोबरच प्रत्येक वेळच्या दाखल-नोंदीतही लिहिला जातो. त्या दिवशी रुग्ण ज्या गटात होता, तो गट कायम राहतो.

धडा पाचवा : गावाचे नाव

मुळशीकरांना हा धडा विशेष जवळचा वाटेल. तालुक्याचे ठाणे पौड. पण पुण्यातील कोथरूडमधून जाणारा रस्ताही पौड रस्ताच आणि पौड फाटाही पुण्यातच. पत्त्यात 'पौड' हा शब्द असलेले सर्व रुग्ण मोजा, असे सांगितल्यावर संगणकाने कोथरूडची कुटुंबेसुद्धा पौड गावात आणून बसवली. माण हे हिंजवडीशेजारचे गाव आणि सातारा जिल्ह्यातील तालुकाही. बावधन पुण्याजवळ आहे, तसे वाई तालुक्यातही आहे. भूगाव, भुगाव आणि भूगांव हे आपल्याला एकच गाव, संगणकाला तीन. पिनकोडवर विसंबावे, तर एका पिनकोडखाली अनेक गावे येतात.

याने काय बिघडते? भातलावणीच्या दिवसांत सर्पदंशाचे रुग्ण येतात. चिखलात वाकून काम करणाऱ्या बाया-माणसांना नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांपासून धोका असतो आणि प्रतिविष किती लवकर मिळते यावर जीव अवलंबून असतो. पावसाळ्यात रुग्णवाहिका कोळवण खोऱ्याच्या बाजूला उभी ठेवावी की ताम्हिणीच्या वाटेवर, हे ठरवायचे, तर मागील वर्षांत रुग्ण कोणत्या गावांहून आणि दंशानंतर किती वेळाने पोहोचले हे समजायला हवे. आमच्या नोंदीत गावाचा रकाना कोठे 'मुळशी' एवढाच, कोठे रिकामा. निदानाच्या रकान्यात 'सर्पदंश', 'साप चावला', 'अज्ञात दंश' असे तीन प्रकार आणि दंशाची वेळ तर नोंदवलेलीच नव्हती. केंद्र शासनाने २०२४ साली सर्पदंशावरील राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्याच वर्षी सर्पदंशाचा रुग्ण व मृत्यू यांची नोंद कळवणे सक्तीचे करावे, असे राज्यांना सुचवले. हे उद्दिष्ट गाठले की नाही हे कळण्यासाठीही गाव, वेळ आणि निदान हे तीन रकाने भरलेले असावे लागतात.

आता गावाचे नाव हाताने लिहिले जात नाही. जिल्हा, तालुका, गाव अशा क्रमाने यादीतून निवडले जाते. वाडी-वस्तीसाठी स्वतंत्र रकाना आहे. निदानासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातील संकेतांक वापरतो. डॉक्टरांनी कोणत्याही शब्दांत लिहिले, तरी सापाच्या विषबाधेची नोंद एकाच संकेतांकाखाली येते.

मोजण्याची जुनी परंपरा

हे सारे संगणकामुळे उद्भवले, असे नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० साली लंडन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे, सर्व रुग्णालयांनी एकसारख्या नमुन्यात नोंदी ठेवाव्यात, असा प्रस्ताव मांडला होता. प्रत्येक रुग्णालय आपापल्या पद्धतीने मोजत असल्यामुळे कोठे रुग्ण बरे होतात आणि कोठे दगावतात याची तुलनाच होत नाही, ही त्यांची तक्रार होती. लंडनमधील काही रुग्णालयांनी ते नमुने वापरूनही पाहिले, परंतु नमुना किचकट असल्याने ती प्रथा टिकली नाही. भरायला अवघड असलेला रकाना रिकामाच राहतो, हा त्यातला धडा.

आपल्या महाराष्ट्रात २००१ साली गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेने इतर स्वयंसेवी संस्थांसमवेत 'कोवळी पानगळ' हा अहवाल प्रसिद्ध केला. गावोगावी प्रत्यक्ष मोजणी करून त्यांनी दाखवले की, झालेले बालमृत्यू शासकीय नोंदींपेक्षा कितीतरी अधिक आहेत. त्यानंतर शासनाला या प्रश्नावर बालमृत्यू मूल्यांकन समिती नेमावी लागली. नोंदीत नसलेल्या मुलासाठी कोणीही औषध पाठवत नाही. आमच्या 'सर्वसाधारण' रकान्यात हरवलेल्या गरीब रुग्णाचेही तेच झाले होते.

किती उचलावे, किती उचलू नये

रकाने जोडता येतात म्हणून सर्वच जोडावेत, असे नव्हे. कोष्टकासाठी रुग्णाचे नाव, मोबाइल क्रमांक किंवा आधार क्रमांक लागत नाही. म्हणून अहवालाच्या सॉफ्टवेअरकडे ते जातच नाहीत. एखाद्या लहान वाडीत क्षयाचा एकच रुग्ण असेल, तर 'अमुक वाडी, क्षय, १' एवढे छापणेसुद्धा त्याचे नाव छापण्यासारखेच आहे. अशा वेळी आम्ही वाडीऐवजी मोठ्या गावाचा किंवा परिसराचा एकत्रित आकडा देतो. संसदेने २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरावी, हा त्याचा गाभा आहे. रुग्णाने डॉक्टरांवर विश्वासून सांगितलेली गोष्ट बाहेर जाऊ नये, हा वैद्यकाचा धर्म त्याहून फार जुना.

आपणाकडून अपेक्षा

यंदाच्या कोष्टकांत काही आकडे मागील वर्षांशी जुळणार नाहीत. निर्धन रुग्णांची संख्या वाढलेली दिसली, तर ती आमच्या सेवेची झेप समजू नये. त्यातील बराच भाग पूर्वी न दिसलेल्या माणसांचा आहे. जेथे मोजण्याची पद्धत बदलली, तेथे कोष्टकाखाली तसे लिहिले आहे. छपाईपूर्वी प्रत्येक कोष्टकातील काही नोंदी निवडून मूळ केसपेपरशी हाताने ताडून पाहण्याचा प्रघातही सुरू केला आहे.

रुग्णांच्या नातेवाइकांना विनंती आहे की, शिधापत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला असल्यास सोबत आणावा. नसल्यास संकोच न करता तसे सांगावे. गावाचे आणि वाडीचे नाव पूर्ण सांगावे. खिडकीवर कोणी आर्थिक गटाविषयी विचारले नाही, तर आपणच विचारावे, "आमची नोंद कोणत्या गटात केली?" हा प्रश्न विचारण्याचा आपणास अधिकार आहे.

देणगीदारांना आणि विश्वस्तांना विनंती आहे की, नव्या यंत्रसामग्रीबरोबर केसपेपरच्या खिडकीचाही विचार व्हावा. सकाळच्या वेळी तेथे आणखी एक माणूस बसला, तर प्रत्येक रुग्णाला दोन मिनिटे अधिक मिळतात आणि त्या दोन मिनिटांत सर्व रकाने भरतात. या खिडकीच्या उद्घाटनाची कोनशिला बसत नाही, हे खरे. पण राखीव खाटेपर्यंत जाणारी वाट तेथूनच सुरू होते.

ज्या ज्येष्ठ देणगीदारांनी सभेत तो प्रश्न विचारला, त्यांचे आम्ही ऋणी आहोत. त्यांचे उत्तर आता देता येते : मुळशीतील गरिबी संपलेली नव्हती, आमचा रकाना तिला पाहत नव्हता. पुढील सभेत आपणही कोष्टकांची पाने उघडून यावे आणि असेच प्रश्न विचारावेत.